हिरवा पडदा आणि दहा बाय चौदाची खोली

घरी ग्रीन स्क्रीन करायचं, म्हणजे हिरव्या पडद्यापुढे चित्रण करून तो हिरवा कापायचा आणि मागे दुसरंच दृश्य बसवायचं, असं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, सॉफ्टवेअर कोणतं वापरू? आमचा अनुभव उलटा आहे. तीन मिनिटांच्या एका व्हिडिओसाठी कॉम्प्युटरसमोर जेमतेम दीड तास गेला. कापड, दिवे आणि अंतरं जुळवण्यात मात्र अख्खी दुपार गेली. त्या दीड तासातलाही बराचसा वेळ दुपारी जिथे जिथे आळस झाला होता, ते निस्तरण्यात गेला. म्हणून इथे खोलीबद्दल जास्त लिहिलंय आणि बटणांबद्दल कमी.

व्हिडिओ साधा होता. नऊ वर्षांची मुलगी राजगडाची माहिती सांगते आणि तिच्यामागे सुवेळा माची दिसते. मागचं दृश्य गडावर ट्रायपॉडवर फोन लावून आधीच घेतलेलं होतं, एक मिनिटभर, काहीही न हलवता. फोटोऐवजी व्हिडिओ घ्यायचं कारण असं की स्थिर फोटोपुढे माणूस बोलायला लागला की मागचा डोंगर कॅलेंडरवरचा वाटतो. गवत थोडं हललं, ढग सरकला, तरी पुरतं.

कापडापासून सुरुवात करू. 'ग्रीन स्क्रीन' म्हणून तयार मिळणारं स्वस्त कापड बहुतेक वेळा पातळ पॉलिस्टर असतं. त्यातून मागची भिंत आरपार दिसते आणि घडीच्या रेघा काही केल्या जात नाहीत. सॅटिन तर नकोच. त्याच्यावर दिव्याचा पांढरा पट्टा उठतो, आणि पांढरा झालेला भाग सॉफ्टवेअरच्या लेखी हिरवा राहत नाही. आम्ही पडद्यांच्या दुकानातून सुती केसमेंट घेतलं, पोपटी आणि बाटलीहिरवा यांच्या मधला रंग, पन्हा ४८ इंच. तीन मीटरचे दोन तुकडे, म्हणजे एकूण सहा मीटर. शिवायच्या आधी कापड धुऊन घेतलं. एक तर सुती कापड आटतं, आणि दुसरं म्हणजे नव्या कापडाला खळ असते. त्या खळीची हलकी चकाकी डोळ्याला जाणवत नाही, पण कॅमेऱ्याला दिसते.

दोन तुकडे उभे जोडले, टीप मारून शिवण मागच्या बाजूने उघडली आणि इस्त्री केली. दोनच तुकडे घेतले यात एक फायदा आहे. शिवण बरोबर मध्यावर येते आणि माणूस मध्यभागी उभा असला की तिच्यामागे झाकली जाते. तीन तुकडे जोडले तर दोन शिवणी माणसाच्या डाव्या-उजव्या बाजूला उघड्या पडतात. असा आठ फूट रुंद पडदा दहा फुटी भिंतीसमोर एका पाइपवर लावला, दोन्ही कडा कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी ताणल्या आणि खाली वजनाला पाण्याच्या भरलेल्या बाटल्या बांधल्या. रात्री फवाऱ्याने पाणी मारून तसाच टांगून ठेवला. सकाळी नव्वद टक्के सुरकुत्या गेलेल्या होत्या. उरलेल्या तिथेच इस्त्री फिरवून काढल्या. सुरकुती म्हणजे नुसती वाकडी रेघ नव्हे. तिच्या एका बाजूला उजेड आणि दुसऱ्या बाजूला सावली असते, म्हणजे दोन वेगळे हिरवे.

हे 'दोन वेगळे हिरवे' प्रकरण एकदा आकड्यांत पाहून घेतलं तर पुढचं सगळं सोपं जातं. कॅमेऱ्यातला प्रत्येक ठिपका लाल, हिरवा, निळा अशा तीन आकड्यांचा असतो, शून्य ते २५५. आमच्या पडद्याच्या मध्यावर हे आकडे साधारण ६५, १६५, ७५ होते. आता हिरव्यातून उरलेल्या दोहोंपैकी मोठा आकडा वजा करायचा: १६५ वजा ७५, म्हणजे ९०. चेहऱ्याचे आकडे घ्या: २०५, १५५, १२५. हिरव्यातून लाल वजा केला की उणे ५०. काळे केस ३०, २८, २६. उत्तर उणे दोन. थोडक्यात, उत्तर ९० आलं की तो ठिपका पारदर्शक, शून्य किंवा त्याखाली आलं की भरीव. बहुतेक चांगले कीयर (सॉफ्टवेअरमधली पडदा कापायची साधनं) मुळात हीच वजाबाकी करतात. बाकीची बटणं म्हणजे तिच्यावरची कारागिरी.

पहिल्या चाचणीत पडद्याचा खालचा कोपरा अंधारात होता. तिथले आकडे ४०, ९५, ५०. वजाबाकी ४५. म्हणजे तिथे पडदा अर्धाच गेला आणि सुवेळा माचीवर एक हिरवट धुकं तरंगायला लागलं. यावर सहज सुचणारा उपाय म्हणजे ४५ आलं तरी पारदर्शक समज, असं सॉफ्टवेअरला सांगणं. पण केसांच्या कडेला जो ठिपका अर्धा केसाचा आणि अर्धा पडद्याचा असतो, त्याचंही उत्तर जवळपास ४५ च येतं. कोपरा साफ झाला आणि त्याबरोबर कानाजवळच्या बटाही गेल्या. डोक्यावर हेल्मेट घातल्यासारखी कड उरली. 'माझ्या व्हिडिओत केस नीट येत नाहीत' या तक्रारीचं मूळ बऱ्याच वेळा केसांत नसतं, पडद्याच्या अंधाऱ्या कोपऱ्यात असतं.

म्हणून दिवे. पडद्याला दोन आणि माणसाला वेगळे, हा नियम मोडून चालत नाही. पडद्यासाठी चार फुटी, २० वॅटच्या दोन एलईडी ट्यूब घेतल्या. एकाच कंपनीच्या, एकाच खोक्यातल्या, दोन्ही ६५०० केल्विनच्या. त्या आडव्या न लावता उभ्या केल्या, दोन बाजूंच्या भिंतींना टेकवून, पडद्यापासून तीन फूट पुढे, तोंड पडद्याकडे तिरकं. ट्यूबच्या मागे पुठ्ठा लावला, नाहीतर तिचा उजेड लेन्समध्ये शिरतो आणि चित्र फिकट, दुधाळ होतं. उजेड सारखा पडला की नाही हे डोळ्यांवर सोडू नका. डोळा फार समजूतदार असतो, तो फरक भरून काढतो. आम्ही फोनवर दहा सेकंदांचं चित्रण करून त्यातली एक फ्रेम कॉम्प्युटरवर उघडली आणि रंग मोजायच्या टोचणीने नऊ जागी हिरवा आकडा पाहिला. मध्य, चार कोपरे, चार कडा. सगळे १५० ते १७० मध्ये येईपर्यंत ट्यूब वीतभर इकडे, वीतभर तिकडे सरकवत राहिलो. यात पाऊण तास गेला आणि तो सगळ्यात कामी आला.

पडदा झगझगीत करायचाही मोह होतो. नको. चेहऱ्यापेक्षा पडदा उजळ झाला की त्याचा हिरवा उजेड परत फिरून माणसावरच येतो, आणि फार उजळला तर रंग उडून पांढरट होतो. ज्यांच्याकडे वेव्हफॉर्म (चित्रातल्या उजेडाचा आलेख) दाखवणारं ॲप आहे त्यांनी पडदा ४० ते ६० टक्क्यांच्या पट्ट्यात ठेवावा.

आता अंतर. पडद्यापासून मुलगी सहा फूट, मुलीपासून फोन साडेसहा फूट. चौदा फुटी खोलीत फोनमागे दीड फूट उरलं. तिथे भिंतीला पाठ लावून एक जण उभा. सहा फुटांचं कारण दुहेरी आहे. एक, माणसाची सावली पडद्यावर पडत नाही. दोन, पडद्याचा परतणारा हिरवा उजेड माणसापर्यंत पोचेस्तोवर क्षीण होतो. चाचणीत तीन फुटांवर उभं केलं तेव्हा हनुवटीखाली, मानेवर आणि कानांच्या पाळ्यांवर कावीळ झाल्यासारखी हिरवट झाक होती. खोली लहान असेल तर तिरपा कोन वापरा: पडदा एका कोपऱ्यात, फोन समोरच्या कोपऱ्यात. दहा बाय दहाच्या खोलीतही कर्ण चौदा फूट भरतो.

अंतर वाढवलं की दुसरी अडचण उभी राहते, आणि ती कोणी आधी सांगत नाही. पडदा आठ फूट रुंद असला तरी मुलीच्या जागी वापरता येणारी रुंदी आठ फूट नसते. फोनपासून पडदा साडेबारा फुटांवर, मुलगी साडेसहा फुटांवर. आठ गुणिले साडेसहा भागिले साडेबारा, उत्तर चार फुटांहून जेमतेम जास्त. नऊ वर्षांच्या मुलीने दोन्ही हात पसरले की तिचा आवाका साधारण सव्वाचार फूट असतो. 'एवढा मोठा गड' म्हणून तिने हात पसरले आणि दोन्हीकडची बोटांची टोकं पडद्याबाहेर, भिंतीवर गेली. जिथे मागे हिरवा नाही तिथे काहीच कापलं जात नाही. बोटांबरोबर भिंतही चित्रात येते. शेवटी जमिनीवर चिकटपट्टीची चौकट आखली आणि हात कोपरातून वाकवूनच दाखवायचे असं ठरलं.

फोन आम्ही उभा धरला. अंतिम व्हिडिओ आडवा असला तरी उभा माणूस उभ्याच चौकटीत मावतो. फोर-केमध्ये उभ्या फ्रेमची उंची ३८४० ठिपके. त्यात मुलीची उंची निम्म्याला थोडी कमी, म्हणजे साधारण १८०० ठिपके. अंतिम फ्रेमची उंची आहे १०८०. म्हणजे हाताशी भरपूर ठिपके राहतात, आणि ते लागतात. कारण फोन रंगाची माहिती पूर्ण साठवत नाही. उजेड प्रत्येक ठिपक्याचा वेगळा साठवतो, पण रंग चार ठिपक्यांच्या चौकोनाला मिळून एकच. ग्रीन स्क्रीनचं सगळं काम रंगावर चालतं, त्यामुळे मुळात १०८० मध्ये चित्रण केलं तर कड पायऱ्यापायऱ्यांची येते. फोर-केमध्ये घेऊन १०८० ला उतरवलं की प्रत्येक अंतिम ठिपक्याला स्वतःचा रंग मिळतो. पडदा हिरवा का, याचंही उत्तर इथेच आहे. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर दर चार टिपणाऱ्या घरांपैकी दोन हिरव्याची असतात, लाल आणि निळ्याची एकेक. हिरव्याची माहिती सगळ्यात स्वच्छ मिळते, आणि माणसाच्या कातडीत लाल वरचढ असल्याने ती हिरव्यापासून सहज वेगळी पडते.

फोनच्या सेटिंगमध्ये आपोआप होणारं जे जे असेल ते बंद. ब्यूटी मोड, एचडीआर, स्टॅबिलायझेशन, सगळं. फोकस, एक्सपोजर आणि व्हाइट बॅलन्स तिन्ही लॉक. फोनचं मूळ कॅमेरा ॲप हे सगळं करू देत नसेल तर ओपन कॅमेरा किंवा ब्लॅकमॅजिक कॅमेरा ही फुकट ॲप आहेत. व्हाइट बॅलन्स मोकळा ठेवला तर मुलगी हलली की फोन रंग बदलतो आणि पडद्याचा हिरवाही बदलतो; मग दर मिनिटाला पडदा नव्याने कापत बसा. फ्रेमरेट (सेकंदाला किती चित्रं) २५ आणि शटर (एक चित्र टिपायचा वेळ) १/१०० सेकंद. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणजे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. १/१०० किंवा १/५० च्या शटरला हे बरोबर बसतं. फोनमध्ये सहसा असणारं ३० फ्रेमचं गणित आणि १/६० चं शटर बसत नाही, आणि पडद्यावरून काळपट पट्टे सरकताना दिसतात. १/५० ऐवजी १/१०० घेतलं ते हातांसाठी. शटर मंद असलं की हलणारी बोटं पुसट होतात, आणि पुसट झालेली बोटं म्हणजे अर्धी बोटं, अर्धा पडदा. शटर दुप्पट वेगाचं म्हणजे उजेड निम्मा. तो भरून काढायला दिवा वाढवावा, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला असलेली संवेदनशीलता) नव्हे. आयएसओ चढवला की पडद्यावर बारीक खसखस दिसते आणि कापलेली कड उकळत्या पाण्यासारखी वळवळते.

माणसावरचा उजेड मात्र मागच्या दृश्याकडे बघून लावायचा. माचीवरचं चित्रण सकाळचं होतं, ऊन डावीकडून आणि वरून. म्हणून मुख्य दिवा मुलीच्या डावीकडे, आपल्या बाजूने बघता डावीकडे, साडेसहा फूट उंचीवर. ऊन कडक असतं, त्याची सावली धारदार असते, म्हणून या दिव्यावर बटर पेपर लावला नाही. उजवीकडे पांढरी चादर धरली, एवढाच परतीचा उजेड. पाठीमागून एक लहान पिवळसर दिवा, डोक्याच्या आणि खांद्याच्या कडेवर. या मागच्या दिव्याने दोन कामं होतात: उन्हाचा भास होतो आणि कडेवरची हिरवी झाक धुतली जाते. खिडकी जाड चादरीने बंद. ढग आला-गेला की खिडकीतला उजेड बदलतो आणि सकाळी मोजलेले नऊ आकडे वाया जातात. पंखाही बंद, कारण पडदा हलतो, केस उडतात आणि आवाजात घरघर येते. एप्रिलची दुपार असल्याने दर दोन टेकनंतर सगळे बाहेर पळत होते, हे वेगळं सांगायला नको.

कपड्यांचं प्रकरण मराठी घरात जरा अवघडच आहे. आपल्याकडे सणासुदीचा, मंगलाचा रंगच हिरवा. मुलीसाठी काढून ठेवलेलं परकर-पोलकं हिरव्या खणाचं निघालं. ते बदलून मरून खण आला, तर काठ हिरवा. तो परकर बाजूला ठेवून शेवटी जांभळा. हातातल्या हिरव्या बांगड्या काढून लाल घातल्या. नाहीतर मनगट दिसतं, पंजा दिसतो आणि मधे बोटभर राजगड. सगळ्यात गंमत गजऱ्याने केली. मोगरा पांढरा म्हणून निर्धास्त होतो, पण कळीच्या देठाशी हिरवं असतं. केसांत दहा-बारा भोकं पडली आणि त्यातून आकाश लुकलुकायला लागलं. गजरा उतरवला. खणाची चमक, नथ, चष्म्याची काच, स्टीलचं भांडं, यांत पडदा आरशासारखा दिसतो; चष्मा किंचित खाली झुकवला तर काम होतं. केसांना तेल जरा जास्त लावून चोपडून घेतले तर उडणारे केस बसतात, पण फार तेल लावलं की त्या चकाकीतही हिरवा उतरतो.

डोहाळजेवणाचा किंवा हिरव्या चुड्याचा व्हिडिओ असेल तर हट्ट न करता निळा पडदा घ्यावा. वजाबाकी तीच, फक्त निळ्यातून बाकीच्या दोहोंपैकी मोठा आकडा वजा. निळा पडदा हिरव्यापेक्षा काळोखा दिसतो, त्यामुळे त्याच्यावर दिवा वाढवावा लागतो, आणि निळी जीन्स घालून कोणी येणार नाही एवढं बघावं लागतं.

मुलगी चौकटीत यायच्या आधी, सगळे दिवे चालू ठेवून, नुसत्या पडद्याचं दहा सेकंद चित्रण केलं. याला क्लीन प्लेट म्हणतात. दहा सेकंदांचं काम, पण पुढे सोन्यासारखं उपयोगी पडतं, कारण सॉफ्टवेअरला पडद्याचा प्रत्येक जागचा खरा रंग त्यातून कळतो. आवाज वेगळ्या फोनवर, मुलीच्या समोर जमिनीजवळ, आणि प्रत्येक टेकला सुरुवातीला एक टाळी. आवाजाच्या रेघेतलं टाळीचं टोक आणि तळहात भिडल्याची फ्रेम जुळवली की आवाज बसतो. अडीच मिनिटांनंतर ओठ आणि आवाज सरकायला लागले तर समजावं की फोनने फ्रेमरेट अस्थिर ठेवलाय; हँडब्रेक या सॉफ्टवेअरमधून क्लिप स्थिर २५ फ्रेमची करून घ्यावी.

सॉफ्टवेअर म्हणून दा विंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती वापरली. फ्यूजन पानावर मुलीची क्लिप डेल्टा कीयरला जोडली, क्लीन प्लेट त्याच्या क्लीन प्लेटच्या तोंडाला, आणि दोन्ही मिळून मर्जच्या (एका चित्रावर दुसरं ठेवणाऱ्या साधनाच्या) पुढच्या बाजूला. माची मर्जच्या मागच्या बाजूला. पडद्याचा रंग मुलीच्या चेहऱ्याजवळून घेतला, कोपऱ्यातून नव्हे. जिथली कड महत्त्वाची तिथला हिरवा महत्त्वाचा. मग रंगीत चित्र बघणं थांबवून अल्फा बघायचा. कीबोर्डवर ए दाबलं की माणूस पांढरा आणि पडदा काळा असं चित्र दिसतं. पांढऱ्यात राखाडी ठिपका म्हणजे माणसाला भोक. काळ्यात राखाडी म्हणजे पडद्याचा उरलेला मळ. मॅट टॅबमध्ये थ्रेशहोल्डची दोन टोकं आहेत. खालचं टोक थोडं वर आणलं की मळ जातो, वरचं थोडं खाली आणलं की भोकं बुजतात. दोन्ही अगदी थोडी. दोन्ही टोकं जवळजवळ आणली की कड कात्रीने कापल्यासारखी कडक होते, म्हणजे पुन्हा हेल्मेट.

मुलीपासून लांबचा भाग कीयरवर सोडायचाच नाही. तिच्याभोवती हात-दीड हात सोडून एक पॉलिगॉन काढून बाहेरचं सगळं थेट फेकलं. ट्यूब, चिमटे, बाटल्या, भिंत. याला गार्बेज मॅट म्हणतात, नाव शोभतं. उलट बाजूने, पोलक्याच्या जरीत पडलेली भोकं थ्रेशहोल्डने बुजवत बसण्यापेक्षा शरीराच्या आत एक पॉलिगॉन काढून तो सॉलिड मॅटला जोडला. आतला भाग हमखास भरीव, बाहेरचा हमखास रिकामा, आणि कीयरला फक्त कडेचा चार बोटं पट्टा सांभाळायचा. एवढं काम कोणताही कीयर नीट करतो.

हिरवी झाक काढायला डीस्पिल असतं आणि तिथे एक फसवणूक आहे. नेहमीची रीत अशी की कुठल्याही ठिपक्याचा हिरवा, लाल-निळ्याच्या सरासरीपेक्षा जास्त जाऊ द्यायचा नाही. झाक आलेला गाल १९०, १८५, १३० असेल तर सरासरी १६०. हिरवा १६० वर आला, गाल माणसाचा झाला. पण झेंडूची पाकळी घ्या: २४०, १९०, ३०. सरासरी १३५. हिरवा १३५ वर उतरला की पिवळा झेंडू चक्क केशरी होतो. जरीचा काठ तांब्याचा दिसतो, हळदी रंगाचा शर्ट भगवा. दुसरी रीत सरासरीऐवजी दोहोंतला मोठा आकडा घेते; तिच्यात झेंडू सुरक्षित राहतो, पण गालाची झाकही तशीच राहते. आमच्याकडे पोलक्यावर जरीकाम होतं. त्यामुळे गळ्यापासून वर जोरकस डीस्पिल आणि खाली सौम्य, असे मास्क घालून दोन भाग केले. पिवळं काही अंगावर नसतं तर हा उद्योग वाचला असता.

कड कापून झाली तरी मुलगी माचीवर उभी वाटेना. कारण कॅमेऱ्याची उंची. गडावर फोन पाच फुटांवर होता, त्यामुळे तटाचा माथा वरून दिसतो. घरी पहिल्या टेकला फोन मुलीच्या छातीच्या उंचीवर, साडेतीन फुटांवर होता. डोळ्याला हे आकडे कळत नाहीत, पण काहीतरी चुकलंय हे लगेच कळतं, ती तरंगते. फोन पाच फुटांवर नेऊन पुन्हा चित्रण केलं. मागचं दृश्य घेताना लेन्सची उंची आणि उन्हाची दिशा कागदावर टिपून ठेवा. सगळ्यात जास्त पश्चात्ताप याच्या अभावाने होतो.

बाकीचं जुळवणं थोडक्यात. माचीला दोन ठिपक्यांचा ब्लर, कारण कॅमेरा जवळच्या माणसावर फोकस असताना मागचं इतकं धारदार दिसत नाही. मुलीचा रंग किंचित उबदार. आणि एक युक्ती जी सगळ्यांवर भारी पडली: गडावरच्या चित्रणातूनच तटाचा खालचा दगडी पट्टा कापून तो मुलीच्या पुढे ठेवला. गुडघ्याखालचे पाय झाकले गेले, जमिनीवरच्या सावलीची कटकट संपली, आणि ती तटाच्या आत उभी आहे असं वाटायला लागलं. पाय दाखवायचेच असतील तर कापड जमिनीवर वळवून पुढे आणावं लागतं, त्यावर पावलांचे डाग पडतात, आणि तळव्याखालची सावली हिरव्यासकट कापली जाते. घरच्या व्हिडिओत पाय न दाखवणं हेच शहाणपण.

शिकवणीसाठी थेट प्रक्षेपणात पडदा वापरायचा असेल तर ओबीएस स्टुडिओ या प्रक्षेपणाच्या सॉफ्टवेअरमधला, पडदा कापणारा क्रोमा की फिल्टर पुरतो. त्यात सिमिलॅरिटी (पडद्याच्या रंगाशी कितपत जुळणारे रंग कापायचे) ४०० आणि स्मूदनेस (कडेचा मऊपणा) ८० अशी सुरुवात असते. पडदा नीट उजळलेला असेल तर सिमिलॅरिटी ४०० च्या खाली आणता येते, आणि जितकी खाली तितकी कड चांगली.

तयार व्हिडिओ बाहेर काढताना (एक्सपोर्ट) उंची १०८०, प्रकार एच २६४ आणि सेकंदाला १६ ते २० मेगाबिट. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि केसांची कड पहिली तुटते; आजीआजोबांना पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. आणि पडद्याची घडी घालून कपाटात ठेवू नका. पाइपलाच घट्ट गुंडाळून उभा ठेवा. घडीची रेघ एकदा बसली की पुढच्या खेपेला पुन्हा रात्रभर पाणी मारून टांगत बसावं लागतं.